जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे दुखत असेल तर (माझा अनुभव)

ठाणे स्टेशनचा पूल चढताना काही नाही, उतरताना मात्र वाटीमागे कळ. येऊरच्या उतारावर तेच, बराच वेळ बसून उठतानाही तेच. सूज नाही, एक्स-रे नॉर्मल.

नी-कॅप, मलम, विश्रांती सगळं झालं. चालायला लागलं की दुखणं हजर. जाम वैताग आला होता.

वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेत वरखाली सरकते. उतरताना वाकलेल्या गुडघ्यावर वजन तोलायचं काम मांडीच्या स्नायूचं, त्यामुळे दाब वाटीवर. फिजिओथेरपिस्टने आरशासमोर एका पायावर वाकायला लावलं, तर गुडघा सरळ आत झुकत होता. कमजोर होते ते कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू!

आधी कुशीवर झोपून वरचा पाय ताठ, टाच किंचित मागे, सावकाश वर. 12 वेळा, 3 फेऱ्या. मग उताणं झोपून एक गुडघा वाकवायचा, दुसरा पाय ताठ वीतभर उचलून 5 सेकंद. हे सोपं वाटायला लागल्यावरच तिसरं : बुटक्या पाटावर एका पायावर उभं राहून दुसऱ्याची टाच हळूहळू जमिनीला टेकवायची, गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत. (लादीवर पाट सरकतो, खाली योगा मॅट घाला.) दिवसाआड करायचं. दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं तर पाट आणखी बुटका. काही आठवड्यांनी कठडा न धरता पूल उतरता आला.

पाय मुरगळून गुडघा अडकत असेल, 'कट्' आवाजानंतर लगेच सुजला असेल किंवा लटपटत असेल, तर मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) किंवा लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा) दुखावल्याची शक्यता. तेव्हा हे व्यायाम नकोत, आधी ऑर्थोपेडिक डॉक्टर.