हॉस्टेलवर आफ्रिकेतली मुलगी आली, तर तिला मेसची वही द्या

नागपुरात मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर आहे, म्हणून सांगते. आफ्रिकेतून शिकायला आलेल्या मुलीला गॅदरिंगमध्ये नाचायला सगळेच बोलावतात. हिशोबाची वही तिच्या हाती द्यायला मात्र कुणी धजत नाही. मी तीच देते.

आधी कागदपत्रं. ती आल्याची माहिती 24 तासांत ऑनलाइन भरणं हॉस्टेलचं काम. व्हिसा 180 दिवसांहून जास्त मुदतीचा असला, तर 14 दिवसांत ई-एफआरआरओवर, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर, नोंदणी करायची. तो फॉर्म तिलाच भरू द्या, आपण शेजारी बसायचं. पुढच्या वर्षी नव्या मुलीशेजारी तीच बसते.

पहिला उन्हाळा सांभाळा. ‘आफ्रिकेची आहे, तिला काय उन्हाचं!’ असं आपल्याकडे सर्रास बोलतात. अहो, केनियाची राजधानी नैरोबी समुद्रसपाटीपासून 1,700 मीटरच्या आसपास, म्हणून तिथली हवा थंड; आपलं नागपूर जेमतेम 310. मे महिन्यात इथे पारा 45 च्या घरात. कूलरसमोरची खाट तिला द्या आणि तोंडाला दुपट्टा बांधायला शिकवा.

आता वही. किराणा, भाजी, सिलिंडर सगळं तिने लिहायचं आणि रविवारी सगळ्यांसमोर वाचायचं. आमच्या केनियाच्या मुलीने पहिल्याच बैठकीत विचारलं, एवढा बटाटा जातो कुठे? मुली खदखदून हसल्या, कारण प्रत्येकीच्या मनात तेच होतं. स्वयंपाकीणबाई दोन दिवस फुगून होत्या. भाजीवाल्याशी घासाघीस करता करता पोरीला पावशेर, अर्धा किलो, दीडशे पाठ झालं. मग तिने मेनूत मक्याच्या पिठाची उगाली आणली. झुणक्यासोबत फक्कड लागते हो!

कुणी न विचारता केसांना हात लावला, रंगावरून चेष्टा केली, तर ते तिच्या एकटीवर सोडू नका. रेक्टरने त्याच दिवशी तसं करणाऱ्या मुलीला बोलावून समज द्यायची.

‘हिशोब लिहून कुणी मोठं होतं का?’ असं कुणी म्हटलं की मी वांगारी माथाईंचं नाव काढते. 1960 मध्ये त्या केनियातून अमेरिकेत कॅन्ससला गेल्या, जीवशास्त्र शिकल्या. 1977 मध्ये गावोगावच्या बायकांना घेऊन झाडं लावायची चळवळ सुरू केली. रोप जगलं की लावणाऱ्या बाईला थोडे पैसे मिळत, म्हणजे हिशोब तिथेही आलाच. 2004 मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं.

सत्र संपलं की वही नव्या मुलीकडे जाते, शिकवायचं काम जुनीचं. परीक्षेच्या दिवसांत मात्र ती माझ्या टेबलावर असते.