बिडेची धार बारीक झालीय? सीट उघडायच्या आधी हे बघा

बिडे सीटची (कमोडवर बसवलेली, नोझलमधून पाण्याची धार मारून धुणारी सीट) धार बारीक झाली की बहुतेक जण थेट सर्व्हिसवाल्याला फोन लावतात, तो येतो, एक जाळी धुतो आणि जातो. ते काम तुम्हीही करू शकता. फक्त आधी स्वतःला एक प्रश्न विचारा, धार एकदम गेली, हळूहळू कमी होत गेली, की सीट बसवल्यापासूनच अशी आहे? यावरच निम्मं निदान होतं.

एकदम गेली असेल तर बहुतेक वेळा कुणीतरी काहीतरी केलेलं असतं. गच्चीवरची टाकी धुतली, पाइपचं काम झालं, नाहीतर प्लंबरने कॉक बंद करून परत उघडताना अर्धाच उघडला. म्हणून पहिलं काम म्हणजे कमोडमागचा अँगल कॉक पूर्ण उघडा आहे का ते बघणं, आणि सीटला जाणारी लवचिक नळी फ्लशच्या टाकीमागे दुमडली किंवा दबली तर नाहीये ना ते हात फिरवून बघणं. सीटला पाणी टी-व्हॉल्व्हवरून (एका लाइनचे दोन फाटे करणारा जोड) येत असेल तर त्याची वेगळी चावीही असू शकते, ती लोक हमखास विसरतात. शिवाय सेटिंग बघा, साफसफाई करताना बटण दाबलं जाऊन प्रेशर सगळ्यात खाली येतं किंवा सॉफ्ट मोड चालू होतो. रिमोटवाली सीट असेल तर सेल बदलून बघा, सेल उतरले की बटण दाबल्याचं सीटपर्यंत पोचतच नाही आणि आपण पाण्याच्या नावाने बोटं मोडत बसतो.

आता बादलीची टेस्ट, माझ्या मते सगळ्यात कामाची. अँगल कॉक बंद करा, नळी सीटच्या बाजूने सोडवा (खाली फडकं ठेवा, थोडं पाणी सांडणारच), तोंड बादलीत धरा आणि कॉक हळूहळू उघडा. पाणी जोरात आलं तर दोष सीटमध्ये. पाणीच मरगळलेलं आलं तर सीटला कितीही घासा काही होणार नाही, अडचण नळीत, कॉकमध्ये किंवा त्याच्या मागे आहे. जुन्या कॉकमधलं रबर फुगून वाट अडवतं आणि बाहेरून कॉक पूर्ण उघडा दिसतो, अशा वेळी कॉक बदलणं हाच उपाय.

बादलीत पाणी जोरात आलं तर मग जाळी. नळी जिथे सीटला लागते तिथे आत एक बारीक जाळी असते, काही मॉडेलमध्ये ती बाजूच्या प्लगखाली असते आणि तो प्लग नाण्याने किंवा चपट्या स्क्रू ड्रायव्हरने फिरतो. कॉक बंद करा, नोझल क्लीनिंगचं बटण दाबून आतलं प्रेशर जाऊ द्या, मग सीटचा विजेचा प्लग काढून वीज बंद करा आणि जाळी चिमट्याने अलगद ओढा. बहुतेक वेळा तिच्यावर तांबूस गाळ, वाळूचे कण, पांढऱ्या क्षाराच्या खपल्या किंवा पाइपच्या आट्यांवरून सुटलेल्या टेफ्लॉन टेपचे तुकडे दिसतात. ती उलट्या बाजूने पाणी सोडून जुन्या टूथब्रशने घासा म्हणजे घाण आली त्याच वाटेने बाहेर पडते. क्षार निघत नसेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवा. आणि जाळी फाटली असेल तर तशीच जोडू नका, तीच वाळू पुढे आतल्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसली की मग खरा खर्च. परत बसवताना वॉशर जागेवर आहे का बघा, नट हाताने घट्ट करा, पान्याने पिळू नका, प्लास्टिकचे आटे तुटतात. मग जोडावर कोरडा टिश्यू फिरवून बघा, ओला झाला तर गळतंय.

धार हळूहळू कमी होत गेली किंवा वाकडी जायला लागली तर संशय नोझलवर. पाणी जड असेल तर त्या बारीक भोकांभोवती क्षार साचतो. क्लीनिंग मोडमध्ये नोझल बाहेर आणा, व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून त्यात टिश्यू भिजवून तो नोझलला गुंडाळा, अर्ध्या तासाने मऊ ब्रशने घासून धुवा. टाचणी घालू नका, भोक मोठं झालं की धारेची दिशाच बदलते. टॉयलेटचं कडक ॲसिड तर नकोच, आणि व्हिनेगरसोबत ब्लीच अजिबात वापरू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

पहिल्यापासूनच बारीक असेल तर गणित उंचीचं आहे. गच्चीवरच्या टाकीचं पाणी सीटपेक्षा १० मीटर वर असेल तर साधारण १ बार म्हणजे ०.१ मेगापास्कल दाब मिळतो. बऱ्याच इलेक्ट्रॉनिक सीटना निदान ०.०५ मेगापास्कल लागतो, म्हणजे ५ मीटर उंची. सगळ्यात वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावरच असते, तिथे हे अंतर ३-४ मीटरच भरतं आणि वाटेतले बेंड आणि बारीक पाइप त्यातलंही खातात. तिथे सीट बदलून उपयोग नाही, छोटा प्रेशर पंप बसवा नाहीतर टाकी उंच करा. पंप घेण्याआधी मॅन्युअलमधला जास्तीत जास्त दाबाचा आकडाही बघून घ्या. आणि धार फक्त ठराविक वेळीच बारीक होत असेल, म्हणजे फ्लशची टाकी भरताना किंवा कुणी शॉवर घेत असताना, तर लाइन वाटली जातेय इतकंच, बिघाड नाही.

हे सगळं करूनही धार बारीकच असेल तर दोष आतल्या सोलेनॉइड व्हॉल्व्हमध्ये (विजेवर उघड-बंद होणारी पाण्याची झडप) किंवा सर्किटमध्ये, तिथे हात घालू नका, पाणी आणि वीज एकत्र आहे. सर्व्हिसवाल्याला बोलवा आणि बादलीत पाणी नीट येतंय, जाळी आणि नोझल साफ केलंय, हे आधीच सांगा, म्हणजे तो जाळी धुऊन बिल फाडणार नाही.