सुरुंग नव्हे, चौरस मीटर मोजा : श्रीलंकेत भूसुरुंग काढण्यासाठी निधी मागताना

भूसुरुंगांवर बंदी घालणारा ओटावा करार श्रीलंकेला १ जून २०१८ पासून लागू झाला. सुरुंग असलेली सारी जमीन साफ करायला लावणाऱ्या कलम ५ ची मुदत दहा वर्षांची, म्हणजे १ जून २०२८ पर्यंत. देणगीदार अर्ज वाचतात तो ही तारीख समोर ठेवूनच.

जमिनीत किती सुरुंग आहेत हे कोणालाच नेमके ठाऊक नसते, म्हणून मागणी क्षेत्रफळावर करा. आधी गावकरी, माजी सैनिक, लष्करी नोंदी आणि जुने अपघात यांवरून सर्वेक्षण. त्यातून खात्रीची क्षेत्रे आणि नुसत्या संशयाची क्षेत्रे वेगळी निघतात. साफसफाईचा खर्च फक्त खात्रीच्या क्षेत्रांवर लावा. संशयित क्षेत्रांसाठी सर्वेक्षणापुरतेच पैसे मागा. ही गल्लत झाली की पथक महिनोन्‌महिने निर्धोक माती उपसत बसते.

दर ठरवताना दुसऱ्या देशाचा आकडा उचलू नका. उत्तरेतल्या मुहामालैसारख्या यादवी युद्धाच्या जुन्या आघाडीवर जमीन लोखंडी कपच्यांनी भरलेली, आणि पी-४ सारख्या सुरुंगात धातू नावापुरता. तिथे डिटेक्टर एकतर सतत वाजतो, नाहीतर सुरुंगावरही गप्प राहतो. म्हणून श्रीलंकेत दाताळ्याने माती थराथराने ओढून काढतात. काम संथ असते.

हिशेब असा करा (आकडे केवळ नमुन्याचे): ६० जण, दिवसाला प्रत्येकी १० चौ. मी., महिन्याला २० दिवस. म्हणजे महिन्याला १२,००० चौ. मी. क्षेत्र १,२०,००० असेल तर दहा महिने. कागदावर हे वर्षाच्या करारात बसते, प्रत्यक्षात नाही. भरती, प्रशिक्षण आणि मान्यतेत पहिला महिना सहज जातो, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मान्सूनात चिखलामुळे दिवस बुडतात. ९०,००० लिहा आणि पूर्ण करून दाखवा.

अंदाजपत्रकात सर्वांत मोठा भाग पगारांचा. विसरतात ते वेगळेच: विमा, प्रत्येक कामाच्या जागी वैद्यकीय मदतनीस व रुग्णवाहिका, व्हायझर-ॲप्रनची बदली, अंतर्गत तपासणीची माणसे. विनिमय दर तारखेसह लिहा. २०२२ मध्ये श्रीलंकेचा रुपया कोसळला तेव्हा डॉलरमधल्या अनुदानाचे रुपये वाढले खरे, पण पंपावर डिझेलच नव्हते.

अमेरिका, जपान, ब्रिटन यांपैकी एकावर सारी पथके टांगू नका. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा जगभरात पथकांना काम थांबवावे लागले. जपानच्या तळागाळ अनुदानाचा (छोट्या स्थानिक प्रकल्पांसाठीच्या मदतीचा) करार सहसा वर्षाचा असतो. पुढचा अर्ज काम अर्ध्यावर असतानाच तयार हवा.

राष्ट्रीय वाटाही आकड्यांत दाखवा. लष्कराच्या सुरुंग-निवारण तुकडीचे पगार हा सरकारचाच खर्च, तरी तो अर्जात बहुधा येत नाही. मदत वस्तुरूपानेही येते: २००९ नंतर भारताने निवृत्त सैनिकांची पथके पाठवली होती.

शेवटचा हप्ता कामाशी नव्हे, कागदाशी बांधलेला असतो. उत्तरेतल्या किलिनोच्ची येथील सरकारच्या प्रादेशिक सुरुंग-निवारण कार्यालयाची बाह्य तपासणी आणि जमीन हस्तांतराचा दाखला यांना लागणारे आठवडे करारातच धरा, नाहीतर तेवढ्या काळाचे पगार स्वतःच्या खिशातून जातात.