लिस्बनमध्ये गाइडसोबत खात हिंडायचं तर

मी लातूरचा. आडतीवर तूर-हरभरा पारखण्यात जन्म गेला. लेक पोर्तुगालच्या लिस्बनला असते, तिनं मागच्या साली मला फूड वॉकला धाडलं. आपल्याकडचं कुणी जाणार असेल तर ऐका.

बुकिंग करतानाच काय चालत नाही ते एकेक नाव घेऊन कळवा. मी नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहिलं आणि पहिल्याच दुकानात पावावर टूना मासा आला. मटण नाही म्हणजे झालं शाकाहारी, अशी त्या गाइड पोराची समजूत! 'सें कार्न, सें पैश, सें शोरिसू' हे पोर्तुगीज पाठच करून जा. मांस नको, मासा नको, डुकराचं सॉसेज नको. शेवटचं विसरलात तर फसाल; काल्दू व्हेर्द या बटाटा अन् पालेभाजीच्या सूपात त्याची चकती हमखास सोडलेली असते. चीजचंही विचारा, बरीच चीज वासराच्या पोटातल्या रसानं विरजतात. सेर्रा द एश्त्रेला नावाचं चीज मेंढीच्या दुधाचं, पण ते काटेरी फुलानं विरजतात, म्हणून मला चाललं. पश्तेल द नाता या कस्टर्ड भरलेल्या गोड पेस्ट्रीत अंड्याचा बलक असतो. चालत असेल तर लिस्बनच्या बेलें भागात १८३७ पासूनचं दुकान आहे, दालचिनी भुरभुरून गरमच खा.

सकाळचा टूर घ्या, उपाशीपोटी जा. तीन-चार तास चढउताराचं चालणं, वर गुळगुळीत दगडांची फरशी. चप्पल नको, बूटच घाला.

माझं मन रमलं ते त्रेमोसूत. हरभऱ्याहून मोठे, पिवळे, चपटे दाणे. कच्चे कडूजहर, शिजवून, कित्येक दिवस पाणी बदलत भिजवून मिठाच्या पाण्यात ठेवतात. सालीला दातानं चीर पाडायची, दोन बोटांत दाबायचं, की दाणा सटकून तोंडात. माझे पहिले दोन गाइडच्या शर्टावर गेले. पेइशीन्युश द ऑर्ता म्हणजे 'बागेतले मासे', पण घाबरू नका, फरसबीची भजी निघतात. मिरची तेवढी नाही. ठेचा खिशात असू द्या.

पाव मागायला भाषा लागत नाही, शब्द पोर्तुगीजांकडूनच आलाय. बटाटा, काजू, अननससुद्धा.

टूरमध्ये खाणं पैशात धरलेलं असतं. पण रात्री हॉटेलात बसलात की न मागता पाव अन् ऑलिव्ह टेबलावर येतात. त्याला 'कुवेर' म्हणतात. हात लावला की बिलात. नको तर लगेच परत करा. मी आपल्या खानावळीतला कांदा-लिंबू समजून चार तुकडे हाणले होते.