लघवी निसटण्याविषयी जनजागृतीचे सर्वेक्षण : या चुका टाळा

खोकताना, भरलेला हंडा उचलताना किंवा संडासापर्यंत पोहोचण्याआधीच लघवी निसटणे ही तक्रार मराठवाड्याला नवी नाही. मात्र तिच्याविषयी लोकांना काय माहीत आहे आणि काय वाटते, हे मोजायला निघालेली सर्वेक्षणे अनेकदा एकाच ठिकाणी फसतात. लोकांचा संकोच त्यांच्या तक्त्यात अज्ञान म्हणून नोंदला जातो.

गेवराई किंवा अंबाजोगाई तालुक्यातल्या गावात मुलाखत बहुधा ओसरीवरच होते. समोर चाळिशीतली सून, दाराशी सासू, बाजेवर दीर. ‘लघवी आपोआप निसटते, असा त्रास कुणाला झाल्याचे ऐकले आहे का?’ असे विचारल्यावर ती पदर सावरत ‘न्हाई बा, आमाला काय माहीत’ म्हणते आणि सर्वेक्षक ‘माहीत नाही’वर खूण करून पुढच्या प्रश्नाकडे वळतो. तिलाच आतल्या खोलीत एखाद्या बाईने एकटीला विचारले, तर जावेला दुसऱ्या बाळंतपणापासून हा त्रास आहे आणि ती जुन्या लुगड्याच्या घड्या वापरते, हे ती सांगू शकते. म्हणून ‘माहीत नाही’ आणि ‘सांगायचे नाही’ यांना वेगळे क्रमांक द्यावेत आणि मुलाखतीच्या वेळी जवळ कोण होते, हे प्रत्येक अर्जावर लिहावे. एखाद्याच सर्वेक्षकाच्या अर्जांत ‘माहीत नाही’ भरमसाट आले असेल, तर गावाला अडाणी ठरवण्याआधी ते अर्ज कुठे आणि कुणासमोर भरले गेले, हे तपासावे. घर दाखवायला गावातल्या आशाताई हव्यातच. प्रश्न विचारायला मात्र दुसऱ्या गावची बाई बरी, कारण रोज भेटणाऱ्या ओळखीच्या माणसाजवळ ही गोष्ट काढणे अधिक जड जाते.

दुसरी चूक साधनाच्या निवडीत होते. ‘आयसीआयक्यू-यूआय शॉर्ट फॉर्म’ ही प्रसिद्ध प्रश्नावली गेल्या चार आठवड्यांतला त्रास 0 ते 21 गुणांत मोजते. तिच्यावरून जागरूकतेचा निष्कर्ष काढता येत नाही. माहिती तपासण्यासाठी ‘पीआयकेक्यू’ ही वेगळी प्रश्नावली आहे. तिच्या 24 प्रश्नांपैकी 12 लघवी निसटण्याविषयी आणि 12 अंग बाहेर येण्याविषयी आहेत. त्रास, माहिती आणि दृष्टिकोन यांचे गुण एकत्र करून काढलेला एकच आकडा कशाचाच धड पत्ता देत नाही.

दृष्टिकोन मोजणे सर्वांत अवघड आहे आणि तिथेच घाई केली जाते. ‘हा त्रास बरा होत नाही, असे तुम्हाला वाटत नाही का?’ या प्रश्नाला मिळालेल्या ‘हो’चा अर्थ विचारणाऱ्यालाही लावता येणार नाही. शिवाय शिकलेल्या पाहुण्याला नाही कसे म्हणायचे, म्हणून प्रत्येक विधानाला होकार देणारे पुष्कळ भेटतात. त्यापेक्षा एक प्रसंग सांगावा : शेजारच्या गावातली पन्नाशीची बाई एसटीने परभणीला लग्नाला जायचे म्हणून आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाही; तिने कुणाला सांगावे, घरचे काय म्हणतील, दवाखान्यात गेली तर पिशवी काढायला सांगतील असे तिला वाटत असेल का? दुसऱ्या बाईच्या आडून माणूस स्वतःचे मत बोलतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची 2019 मध्ये राज्यभर चर्चा झाली, हे लक्षात घेता ऑपरेशनच्या भीतीचा प्रश्न इथे वगळून चालणारच नाही.

नमुन्याबाबत थोडक्यात. आरोग्य शिबिरात आलेल्यांना विचारून ‘जनतेची’ जागरूकता ठरवू नये. दिवाळीनंतर वडवणी, धारूर, पाटोद्याकडची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गेलेली असतात. त्या काळात गावात सापडतील तेवढेच अर्ज भरले, तर ज्यांचे काम जड ओझ्याचे आहे, तीच माणसे सुटतात. तांड्यावर गोरमाटी आणि शहरी मोहल्ल्यांत दखनी बोलणारी सर्वेक्षक सोबत हवी. पुरुषांनाही विचारावे; मधुमेहामुळे किंवा प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर त्यांनाही हा त्रास होऊ शकतो.

प्रश्नांचा क्रमही जपावा. आधी दृष्टिकोन, मग माहिती, कारण माहितीचे प्रश्न ऐकूनच माणूस बरेच काही शिकतो आणि पुढची उत्तरे बदलतात. ‘म्हातारपणी हे व्हायचेच’ असे चुकीचे विधान आपण स्वतः मोठ्याने वाचलेले असते, त्यामुळे अर्ज पूर्ण झाल्यावर ते चूक आहे, हे सांगणे सर्वेक्षकाचे कर्तव्य आहे. आर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये मांडलेले ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आजही पहिल्या उपचारांत गणले जातात. लघवीत रक्त येत असेल किंवा जळजळ होत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात लगेच दाखवावे, इतके तरी प्रत्येकीला कळावे. ही माहिती दिलेल्या घरांची वेगळी नोंद ठेवावी आणि सहा महिन्यांनी त्याच गावात पुन्हा मोजणी करायची असेल, तर त्या घरांची उत्तरे इतरांत मिसळू नयेत.