अमेरिकी कॉमिक्सचे काम मिळवायचे असेल तर

अमेरिकेतील कॉमिक्ससाठी चित्रे काढायची तर आधी तिथे जाऊन राहायला हवे, असे अनेक तरुण चित्रकारांना वाटते. पण १९७० च्या दशकातच नेस्टर रेडोंडो, आल्फ्रेडो अल्काला यांच्यासारख्या फिलिपिनो चित्रकारांची पाने मनिलाहून न्यूयॉर्कला डीसी या कॉमिक्स कंपनीकडे जात होती. म्हणून घर सोडण्याचा विचार नंतर करावा आणि नमुना पाने आधी तयार करावीत.

आवेशात उभ्या असलेल्या नायकाचे सुटे चित्र कितीही देखणे असले, तरी त्यातून चित्रकाराला गोष्ट सांगता येते की नाही हे संपादकाला कळत नाही. त्यासाठी एकाच प्रसंगाची सलग पाच-सहा पाने काढावीत आणि त्यांत साधे वाटणारे पण अवघड विषय मुद्दाम घ्यावेत: खोलीत बोलत बसलेली दोन माणसे, गर्दीचा रस्ता, जिना, कप धरलेला हात. इंग्रजी संवाद डावीकडून उजवीकडे वाचले जातात, त्यामुळे आधी बोलणारे पात्र शक्यतो चौकटीत डावीकडे घ्यावे आणि संवादांच्या फुग्यांसाठी वरच्या भागात जागा मोकळी सोडावी. मग संवादांशिवायची ही पाने एखाद्या मित्रापुढे ठेवावीत. त्याला घटनाक्रम सांगता आला नाही, तर रेखाटन कितीही आवडते असले तरी पान पुन्हा काढावे. माझ्या मते ही कसोटी शरीररचनेच्या अभ्यासाइतकीच मोलाची आहे.

मूळ पान साधारणपणे ११ बाय १७ इंचांच्या कागदावर काढतात. मासिक अंकात २० ते २२ पाने असतात, म्हणजे कामाच्या दिवसाला एक पान ही गती अंगवळणी पडायला हवी.

करार मात्र सावकाश वाचावा. मोठ्या कंपन्यांचे काम बहुधा ‘वर्क फॉर हायर’ असते. १९७६ च्या अमेरिकी कॉपीराइट कायद्यानुसार अशा कामाची कर्ती कंपनीच मानली जाते आणि चित्रकाराला पानामागे ठरलेला मोबदला मिळतो. १९९२ मध्ये चित्रकारांनीच स्थापन केलेल्या इमेज कॉमिक्सकडे हक्क निर्मात्यांकडे राहतात, पण उत्पन्न विक्रीवर अवलंबून असते. घरचा आधार नसेल, तर पहिली काही वर्षे पानामागच्या मोबदल्यावर काढणे मला अधिक सुरक्षित वाटते. कागदावरची मूळ पाने संग्राहक विकत घेतात, म्हणून त्यांची मालकी कोणाची हे सहीपूर्वी लेखी ठरवून घ्यावे.

सॅन दिएगो किंवा न्यूयॉर्कच्या कॉमिक-कॉनला, म्हणजे कॉमिक्सच्या मेळाव्याला, पाने दाखवायला जरूर जावे, परंतु पर्यटक व्हिसावर तिथे नोकरी करता येत नाही. भारतातून काम करणाऱ्याकडे अमेरिकी कंपनी डब्ल्यू-८बीईएन हा कराचा फॉर्म मागते. तो पहिल्या बिलाआधीच भरून द्यावा.