जुनी मोटारसायकल नावावर कशी करावी आणि कर कोणता भरावा

महाराष्ट्रात जुनी मोटारसायकल विकली जाते तेव्हा बहुतेक वेळा पैसे मोजले जातात, चावी आणि आर.सी. हातात पडते, विकणारा नाव बदलण्यासाठी लागणाऱ्या नमुना २९ आणि ३० च्या कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून देतो आणि ‘सवडीने नावावर करून घ्या’ एवढे सांगून व्यवहार संपला असे दोघेही समजतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र गाडी अजून जुन्याच मालकाची असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात, गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली असूनही आरटीओच्या दफ्तरी नाव बदलले नव्हते म्हणून, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच ठेवली. त्यामुळे हे काम सवडीवर टाकण्याजोगे नाही, आणि घाई खरी विकणाऱ्यालाच असायला हवी.

पैसे देण्याआधी

परिवहन खात्याच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून नोंद पाहावी आणि आर.सी.वरील चेसिस व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरच्या क्रमांकांशी एकेक अक्षर जुळवून घ्यावेत. विमा आणि पीयूसी चालू आहे का, ई-चलान थकले आहे का, नोंदणीची पंधरा वर्षे कधी संपतात, हेही तिथेच कळते. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीला नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर हे दोन्ही खर्च असतात. ते किंमत ठरवतानाच धरावेत. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली नसेल तर हस्तांतरणाचे काम अडते, म्हणून ती प्लेट विकणाऱ्याने आधी बसवून घेतलेली बरी.

सर्वाधिक अडचण होते ती कर्जाच्या बोजामुळे. शेवटचा हप्ता भरला म्हणजे आर.सी.वरचा बोजा आपोआप उतरत नाही. त्यासाठी बँकेचे ना-हरकत पत्र आणि बँकेच्या सहीशिक्क्याचा नमुना ३५ आरटीओकडे द्यावा लागतो. बोजा उतरल्याची नोंद दिसेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कर कोणता आणि कोणी भरायचा

पूर्वीचा विक्रीकर १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा करात विलीन झाला. स्वतःच्या वापरातली मोटारसायकल एखाद्या सामान्य माणसाने दुसऱ्याला विकली तर त्यावर जीएसटी लागत नाही. नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून गाडी घेतली तर लागतो, पण त्याबद्दल मोठा गैरसमज आहे. जानेवारी २०२५ पासून जुन्या वाहनांवरील दर १८ टक्के झाला, तेव्हा पूर्ण किमतीवर १८ टक्के द्यावे लागणार असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात, व्यापाऱ्याने खरेदीच्या वेळी इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतले नसेल, तर कर फक्त त्याच्या खरेदी-विक्रीतल्या फरकावर बसतो. ४०,००० रुपयांना घेतलेली गाडी त्याने ४६,००० रुपयांना विकली तर कर ६,००० रुपयांवर, म्हणजे १,०८० रुपये होतो. तोट्यात विकली तर काहीच नाही. ‘जीएसटी वेगळा’ म्हणून कोणी पूर्ण किमतीवर १८ टक्के मागत असेल तर बिलात हिशेब मांडून मागावा.

राज्याचा मोटार वाहन कर हा निराळा. दुचाकीसाठी तो पहिल्या नोंदणीच्या वेळी एकरकमी भरलेला असतो आणि गाडीबरोबरच नव्या मालकाकडे जातो, त्यामुळे महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात गाडी विकताना तो पुन्हा भरावा लागत नाही आणि गाडीचा क्रमांकही तोच राहतो.

नाव बदलण्याचा अर्ज

नमुना २९ ही विकणाऱ्याने आरटीओला दिलेली विक्रीची सूचना असून राज्यांतर्गत विक्रीत ती चौदा दिवसांत द्यायची असते. नमुना ३० हा हस्तांतरणाचा अर्ज, आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते. दोन्ही फॉर्मांवर तारीख, घेणाऱ्याचे पूर्ण नाव आणि पत्ता भरल्याशिवाय विकणाऱ्याने सही करू नये, कारण कोरा सही केलेला फॉर्म दलालांमार्फत हातोहात फिरतो आणि गाडी नेमकी कोणाकडे आहे हे मालकालाच कळेनासे होते. संकेतस्थळावर अर्ज भरताना नोंदीतल्या मोबाईलवर ओटीपी येतो. विकणाऱ्याचा जुना क्रमांक बंद असेल तर तो आधी बदलून घ्यावा. सोबत आर.सी., चालू विमा, पीयूसी, दोघांची ओळखपत्रे, घेणाऱ्याच्या पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा ते नसल्यास नमुना ६० लागतो. मोटारसायकलीच्या हस्तांतरणाचे केंद्रीय नियमांतले शुल्क १५० रुपये आहे, आर.सी.च्या स्मार्ट कार्डचे वेगळे. एजंट जी रक्कम सांगतो तिच्याशी हा आकडा ताडून पाहावा.

विकणाऱ्याने गाडी दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली, दोघांच्या सह्यांची पोचपावती करून ठेवावी. त्या वेळेनंतरचे चलान आले तर तीच कामी येते. गाडी व्यापाऱ्याकडे सोपवत असाल तर त्याच्याकडे आरटीओचे अधिकृत प्राधिकारपत्र आहे का ते पाहून नमुना २९ क ची सूचना ऑनलाइन द्यावी. १ एप्रिल २०२३ पासूनच्या या नियमांनुसार त्यानंतर गाडीची जबाबदारी त्या व्यापाऱ्यावर येते.

मूळ मालक वारला असेल तर २९-३० चालत नाहीत. वारसाने नमुना ३१ भरून आधी गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यावी आणि मगच विकावी.

विमा

तृतीय पक्षाचे, म्हणजे अपघातात दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचे, संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा विमापत्रावर नाव बदलल्याशिवाय मिळणे कठीण, म्हणून चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा. ‘नो क्लेम बोनस’ (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मात्र माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. तो विकणाऱ्याकडेच राहतो आणि घेणाऱ्याला फरकाचा हप्ता भरावा लागतो.

परराज्यातली गाडी

बेळगावची केए किंवा गोव्याची जीए क्रमांकाची गाडी कोल्हापुरात वा सावंतवाडीत आणायची असेल, तर मूळ आरटीओकडून नमुना २८ वर ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. अर्ज दिल्यावर तीस दिवसांत उत्तर मिळाले नाही तर ते मिळाल्याचे कायदा मानतो, त्यामुळे अर्जाची पोच जपून ठेवावी. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे राहणार असेल तर महाराष्ट्राचा क्रमांक घेणे बंधनकारक आहे आणि तेव्हा गाडीच्या वयानुसार इथला एकरकमी कर भरावा लागतो. हा खर्च पाहता स्वस्त वाटलेली परराज्यातली गाडी पुष्कळदा स्वस्त राहत नाही. पहिल्या राज्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी त्याच राज्याच्या आरटीओकडे अर्ज करावा लागतो आणि मूळ पावती लागते; ती विकणाऱ्याकडून व्यवहाराच्या दिवशीच मागून घ्यावी.